पुन्हा एलपी : माळ्यावरून उतरलेला भूप (मोठी दुरुस्ती प्रतिसादांत आहे. ती वाचल्याशिवाय मला झोडू नये.)

बाजूबदल्या

गेल्या दिवाळीत माळा आवरताना बाबांच्या रेकॉर्डी खाली उतरल्या. म्हणजे आईने उतरवायला लावल्या. "एकतर ऐका, नाहीतर ऐकणाऱ्याला द्या. मी गेल्यावर रद्दीच्या गाडीवर चढवाल, ते नको," असा सज्जड दम भरून. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण रेकॉर्डी त्याच्याही कितीतरी आधीपासून मुक्या होत्या. आमचा एचएमव्हीचा फिएस्टा (तो पेटीसारखा मिटणारा, हँडलवाला) शाळेत असतानाच बंद पडला होता. मग कॅसेटी आल्या, आणि दुरुस्त कोण करणार म्हणत तो राहिला तो राहिलाच.

मोजल्या तर त्र्याण्णव भरल्या. भीमसेनांचे अभंग, नाट्यगीतांच्या छोट्या ईपी, लता-हृदयनाथांची 'शिवकल्याण राजा', संतूर-बासरी-गिटारची 'कॉल ऑफ द व्हॅली', आणि का कोण जाणे, 'शोले'च्या संवादांची एलपी. एका आतल्या पाकिटावर आईच्या अक्षरात पेन्सिलीने यादी : तूरडाळ २ किलो, रॉकेल, सुभाषची फी. त्या दिवशी घरात दुसरा कागद नसणार. ते पाकीट मी बदललेलं नाही.

टर्नटेबल मिळाला मेहुण्याकडून. तो न्यू जर्सीत एडिसनला राहतो. तिथे कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून सत्तरच्या दशकातला जपानी बेल्टवाला उचलला आणि स्वेटरांत गुंडाळून घेऊन आला. "भाऊजी, फक्त ट्रान्सफॉर्मर लावा. थेट प्लगात घातलात तर धूर निघेल." बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळून २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर आणला. विटेएवढा जड. अँप्लिफायर जुना सोनोडाइन, स्पीकर मुलाचे.

आणि मग किशोरीताई आमोणकरांचा भूप राग लावला. तोच, 'सहेला रे'वाला.

मंडळी, काय सांगू. हा भूप मी मोबाइलवर शंभर वेळा ऐकला असेन. पण हे वेगळंच काहीतरी होतं. आवाजाला वजन होतं, एक घनगंभीर ऊब होती. दोन स्वरांमध्ये श्वास घ्यायला जागा होती. डिजिटलने आपल्याला घाईची सवय लावलीय असं पहिल्यांदा जाणवलं. बाई कुठेही पोचायच्या गडबडीत नाहीत. गेले दोन आठवडे रोज रात्री एक बाजू ऐकतो आणि झोपतो.

तुमच्यापैकी कुणी परत एलपीकडे वळलंय का? अनुभव लिहा.

---

तंबोरी_मिरज

+१. सुरेख लिहिलंय. ते तूरडाळीचं पाकीट जपून ठेवा.

आमच्या गल्लीत तंबोऱ्याचे कारखाने. लहानपणी शाळेतून येताना जवारी लावायचं काम बघत उभा राहायचो. घोडीवर तार नेमकी कुठे टेकते यावर सगळा खेळ. कानस एकदा जास्त फिरली की आवाज बंद. ती जवारी म्हणजे सगळे वरचे बारीक स्वर. जुन्या रेकॉर्डी स्वच्छ करून नेटवर चढवतात तेव्हा खरखर काढायच्या नादात पहिला बळी तिचा जातो. गाणं राहतं, तंबोरा जातो. मागे एक बारीक गुंजन उरतं, फ्रिजसारखं. एलपीवर ऐकताना मी आधी तंबोराच ऐकतो.

तुमच्या भूपात तो कसा ऐकू येतोय?

---

अवलक्षण

परत एक "ऊब" धागा. :)

सीडीला ९६ डेसिबलची पोच आहे (म्हणजे हळूतल्या हळू आणि मोठ्यातल्या मोठ्या आवाजातलं अंतर). एलपी चांगली असली तरी साठ-सत्तरच्या वर जात नाही. खालचे सूर तर कापताना मुद्दामच दाबलेले असतात, नाहीतर खाच इतकी रुंद होईल की बाजूला दहा मिनिटंसुद्धा मावणार नाहीत. वरचे सूर फुगवलेले असतात. मग घरी फोनो स्टेज (टर्नटेबलसाठीचा छोटा प्रीअँप) ते उलटं करतो. १९५४ पासून त्याचं एक ठरलेलं वळण आहे, आरआयएए. म्हणजे आधी वाकडं करायचं, मग सरळ करायचं, आणि मधे धूळ. याला तुम्ही शुद्ध म्हणता?

माझ्याकडेही एक टर्नटेबल आहे, वडिलांचा, इथलाच. मधूनमधून लावतो, गंमत म्हणून. पण ऊब वगैरे म्हणजे आठवणींवर चढलेली साय आहे.

---

बाजूबदल्या

@अवलक्षण, आकडे मान्य. कान मान्य करत नाहीत त्याला काय करू? दोन्ही एकापाठोपाठ ऐका, मग बोलू.

@तंबोरी_मिरज, तंबोरा ऐकू येतो, पण जरा जाडा वाटतो. खर्जाकडे झुकलेला.

---

निशिगंध_ठाणे

मला अगदी प्राथमिक शंका आहे, हसू नका. सासऱ्यांचा प्लेअर होम थिएटरच्या मागे ऑक्समध्ये जोडला. आवाज इतका बारीक की कान लावावा लागतो, आणि सगळं पत्र्यावर गातायत असं वाटतं. प्लेअर गेला का?

---

अवलक्षण

प्लेअर ठणठणीत आहे. मी वर म्हटलं तेच वळण तुमच्याकडे सरळ होत नाहीये. शिवाय कार्ट्रिजमधून (सुई जिच्यात बसते तो भाग) निघतात चार-पाच मिलिव्होल्ट, ऑक्सला लागतात त्याच्या कितीतरी पट. मधे फोनो प्रीअँप हवा. छोटी डबी मिळते वेगळी. ती लावा, पत्रा जाईल.

(बघा, एलपीवाल्यांना मदत मीच करतो.)

---

चिंचगुळ

माझं दुःख इथेच ओकते, म्हणजे निदान एक तरी वाचेल.

आजोबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) लाखेच्या तबकड्या होत्या, सोळा. नेटवर वाचलं होतं की रेकॉर्डी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटरने पुसाव्या. पुसल्या. कापूस काळा झाला तेव्हा केवढा आनंद! म्हटलं, काय घाण निघतेय! घाण नव्हती, रेकॉर्डच निघत होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कुणालाही विचारा. मी नाही विचारलं. दोन तबकड्या गेल्या. एकीवर हिराबाई बडोदेकर होत्या.

तर : स्पिरिट लाखेला कधीही नाही. नुसतं डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मधल्या लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, आणि लगेच कोरडं करायचं. विनाइलच्या एलपीला थोडं अल्कोहोल चालतं. आणि ७८ ला एलपीची सुई लावू नका. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, ७८ च्या रुंद खाचेला लागतं त्याच्या तिप्पट-चौपट जाड. बारीक सुई खाचेच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर देते. ७८ ची वेगळी सुई लावली तेव्हा कळलं की आजोबांच्या तबकड्या मला वाटत होत्या तेवढ्या म्हाताऱ्या नाहीत.

---

बाजूबदल्या

अरेरे. हिराबाईंचं वाचून खरंच कसंतरी झालं.

आता माझं ऐका. एक घटना घडली आहे.

काल रात्री भूप लावला होता. आई सहसा आठला झोपते, काल जागी होती. वय अठ्ठ्याहत्तर, पण भजनी मंडळात पेटी अजून तीच धरते. बाहेर येऊन दाराशी उभी राहिली. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "ही कोण?"

म्हटलं, "किशोरीताई. तुमचीच रेकॉर्ड."

"छे. हिला सर्दी झालीय."

मी ऊब, गांभीर्य वगैरे समजावायला लागलो. तिने आतून पेटी आणली, भाता हलवला, षड्ज शोधून पट्टी दाबून धरली. मग मुलीला म्हणाली, "तुझ्या फोनवर हेच लाव." मुलीने लावलं. आईचं बोट त्या पट्टीवरून वर सरकलं. एक, दोन, तीन. काळ्या-पांढऱ्या धरून तीन पट्ट्या.

"दोन आठवडे हे ऐकतोयस?" एवढंच म्हणाली आणि झोपायला गेली.

मंडळी, माझा भूप तीन पट्ट्या खाली आहे. बेल्ट सैल झालाय का? ३३ च्या खुणेवरच आहे, मी तपासलं.

---

अवलक्षण

मी काही बोलत नाही.

---

लेथमास्तर

मी इथे वाचनमात्र असतो, पण हा माझा विषय निघाला.

बेल्टचा दोष नाही. सैल बेल्टने आवाज डगमगतो, असा मोजून-मापून तीन पट्ट्या खाली बसत नाही. तुमचा टर्नटेबल अमेरिकेचा आणि जुना. त्याची मोटर एसी सिंक्रोनस असणार. ती मोटर व्होल्टेज बघून फिरत नाही, विजेच्या सायकल बघून फिरते. तिकडे सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर २३० चे ११० करतो, पण ५० चे ६० नाही करत. म्हणजे मोटर पाच-षष्ठांश वेगाने चालते आहे. ३३⅓ गुणिले ५ भागिले ६. मिनिटाला फेरे २७.८.

आता हेच पेटीवर बघा. पाचास सहा या प्रमाणात स्वर उतरला की तीन पट्ट्यांपेक्षा केसभर जास्त उतरतो. काळी पाच धरली असेल तर पांढरी पाच ऐकू येईल. आईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी फ्रिक्वेन्सी मीटरचं काम केलं.

आणि वेळ बघितली असतीत तर घड्याळानेही सांगितलं असतं. वीस मिनिटांची बाजू तुमच्याकडे चोवीस मिनिटं चालत असणार.

क्वार्ट्झवाले डायरेक्ट ड्राइव्ह किंवा डीसी मोटरचे टर्नटेबल असले तर हा त्रास नाही. ते स्वतःचा वेग स्वतः ठरवतात.

---

तंबोरी_मिरज

"जाडा वाटतो, खर्जाकडे झुकलेला" असं तुम्हीच वर लिहिलं होतं! तंबोरा बिचारा आधीच सांगत होता.

---

बाजूबदल्या

मेलो. "दोन स्वरांमध्ये श्वास घ्यायला जागा होती." जागा असणारच, वीस टक्के जास्त होती.

मूळ लेख तसाच ठेवतो. शीर्षक बदललंय. हे वाक्य पुढच्या पिढ्यांना कळावं.

@लेथमास्तर, उपाय काय? मेहुण्याला परत पाठवू?

---

लेथमास्तर

कशाला. मोटरच्या दांड्यावर छोटी पितळी पुली असेल, तिच्यावरून बेल्ट जातो. त्या काळात कंपन्या ५० आणि ६० साठी वेगळ्या पुल्या द्यायच्या. तुमच्याकडे ६० ची आहे. तिच्यापेक्षा १.२ पट व्यासाची करून घ्या. पितळेचा तुकडा आणि लेथवर बसलेला एक जाणकार माणूस, बस्स.

एक लक्षात ठेवा. नुसता पुलीचा व्यास गुणून चालत नाही. बेल्टची जाडीही त्यात धरावी लागते. सगळे इथेच फसतात.

---

बाजूबदल्या

फसलो. :)

आठवड्याचा वृत्तान्त. भोसरीला एका शेडमध्ये गेलो. मालक स्वतः मशीनवर होते. मी पुली दिली, त्यांनी व्हर्नियर लावला. १८.० मिलिमीटर. "वन पॉइंट टू? मग एकवीस पॉइंट सहा." मी हो म्हटलं. जाडीचं तुम्ही लिहिलेलं मला तिथे आठवलंच नाही. चहा येईपर्यंत पुली तयार. पैसे घेईनात. "आमच्या फायलीत एवढं छोटं बिल बसत नाही," म्हणाले. शेवटी पेढे दिले.

घरी येऊन लावली. वेग तपासायची स्ट्रोबची तबकडी कागदावर छापून घेतली होती, ५० सायकलसाठी १८० रेघांची. दिवाणखान्यात सगळे एलईडी दिवे, त्यात रेघा ठरेचनात. न्हाणीघराबाहेर एक जुनी चोकवाली ट्यूब उरली आहे, सगळा पसारा तिथे नेला. ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, वेग बरोबर असला तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. माझ्या रेघा उलट दिशेने सरकत होत्या, अगदी सावकाश. मिनिटाला तीस-पस्तीस. म्हणजे अर्धा टक्का कमी. बेल्ट मोजला, ०.६ मिलिमीटर. मग हिशेब कळला : आधीच्या १८ मध्ये ती जाडी मिळवून मग गुणायचं, मग वजा करायची. हवी होती २१.७२.

बारा शतांश मिलिमीटरसाठी परत भोसरी. यावेळी त्यांनी नवीन तुकडा घेतला, मला बाजूला बसवलं आणि शेवटचा हात पॉलिश पेपरने दिला. मला म्हणाले, "कुठलं मशीन आहे हो हे?" गाण्याचं म्हटल्यावर थोडा वेळ पुलीकडे बघत राहिले.

काल रात्री रेघा उभ्या राहिल्या. आईला बोलावलं. तिने पेटी आणलीच. षड्ज धरला, फोनशी ताडून पाहिला, मान डोलावली आणि पेटी मिटून खुर्चीत बसली. पूर्ण बाजू बसली.

आणि आता खरं सांगतो. ऊब गेली. ती कधी नव्हतीच. पण त्याजागी जे आलं ते मला अपेक्षित नव्हतं. बाईंचा आवाज सळसळीत आहे, तरुण आहे. 'सहेला रे' चालत नाही, उमलत जातं, आणि त्याच्या मागे तंबोरा वेगळा ऐकू येतो. चारही तारा. पहिली तार छेडल्यावर तिचे सूर वर चढत जातात आणि ते विरायच्या आत पुढची येते. फोनवर मी शंभर वेळा हे ऐकलं होतं, तंबोरा एकदाही ऐकला नव्हता.

@अवलक्षण, हे विनाइलमुळे की स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे स्टुलांवर आणल्यामुळे की फोन दुसऱ्या खोलीत ठेवल्यामुळे, मला माहीत नाही. तिन्ही एकाच आठवड्यात झालं.

---

अवलक्षण

प्रामाणिक उत्तर, म्हणून प्रामाणिक प्रतिसाद : निम्मं काम स्पीकरच्या जागेनेच झालं असणार. भिंतीला चिकटले की खालचे सूर फुगतात आणि तंबोरा त्याखाली दबतो. उरलेलं तुमच्या रेकॉर्डवर कुणी "सफाई" केलेली नाही त्याने. फायलीचा दोष नाही, फाईल बनवणाऱ्याचा आहे. चांगली फाईल चांगल्या स्पीकरवर ऐकलीत तर तोच तंबोरा मिळेल.

सुईचा भार तपासलात का?

---

बाजूबदल्या

हो, खिशातल्या सोनारकाट्यावर. कार्ट्रिजला सांगितलाय २ ग्रॅम, काटा ३.४ दाखवत होता. दोनवर आणला. (काटा तबकडीच्या उंचीला धरून मोजायचं, नाहीतर चुकतं.) दर बाजूला थोडं खरवडत होतो म्हणायचं.

एक शंका आहे. बाजू संपत आली की तानांमध्ये किंचित चरचर येते. सुरुवातीला येत नाही. सुई झिजली का?

---

लेथमास्तर

सुई नवी घ्याच, पण हा एलपीचा जन्मजात दोष आहे. फेरे तेवढेच, पण आत जाल तसा घेर लहान होत जातो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नास सेंटिमीटर खाच जाते, आत लेबलाजवळ जेमतेम वीस. तेवढ्याच जागेत तेवढाच आवाज कोंबायचा.

---

तंबोरी_मिरज

आणि आपल्या गाण्याचं दुर्दैव बघा. आलाप असतो सुरुवातीला, ऐसपैस जागेत. द्रुत आणि ताना येतात शेवटी, जिथे जागाच नाही. पाश्चात्त्य लोक निदान जोरकस गाणं बाजूच्या सुरुवातीला टाकू शकतात. आपण काय, आधी द्रुत गाणार आणि मग विलंबित?

---

चिंचगुळ

७८ वर तर साडेतीन मिनिटांत सगळंच. पण त्या साडेतीन मिनिटांत केसरबाई केरकर काय काय करून जातात! केरीच्या (गोव्यातल्या) त्या बाईंची भैरवी 'जात कहाँ हो' १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर गेली. तिचा वेग १६⅔, आणि सोबत सुई आणि कार्ट्रिजही पाठवलंय. तबकडीच्या वेष्टनावर चित्र काढून दाखवलंय की किती वेगाने फिरवायची.

परग्रहवासीयांना दिली ती माहिती बाजूबदल्यांना मिळाली नाही, एवढंच.

---

निशिगंध_ठाणे

=))

प्रीअँपची डबी आली. पत्रा गेला. सासरे पहिल्यांदा पूर्ण तासभर टीव्ही न लावता बसले. आभार, अवलक्षण.

---

बाजूबदल्या

हसा. हक्क आहे तुमचा.

आईने काल फर्माइश केली, 'शिवकल्याण राजा'. १९७४ मध्ये, राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा निघाली होती, बाबांनी त्याच वर्षी घेतलेली. पाकिटात त्यांच्या सहीखाली तारीख आहे. ती एकदाच उठली, बाजू बदलायला मीच उठणार होतो पण नको म्हणाली. रेकॉर्ड दोन तळव्यांच्या मधे कडेने धरली, फुंकर मारली नाही, पदरानेही पुसली नाही, उलटी केली आणि ठेवली. मला वाटत होतं बाबाच लावायचे. ती म्हणाली, "ते ऑफिसला गेल्यावर कोण लावायचं मग?"

---

अवलक्षण

एक काम निघालं. ती १८० रेघांची तबकडी छापली आणि जिन्यातल्या ट्यूबखाली वडिलांचा टर्नटेबल ठेवून पाहिला. सहज.

रेघा पुढे पळतायत. चांगल्याच. म्हणजे गेली बारा वर्षं मी सगळं वरच्या सुरात ऐकतोय.

भोसरीची ती शेड नेमकी कुठे आहे?